ऐकल्यासारखं हसू

“वा! झालं एकदाचं!” असं म्हणत दादानं चिमणीच्या पाठीवर जोरात थाप मारली. “येणार म्हणजे काय, सगळी फौज घेऊन येतो! पण पार्टी पाहिजे हं. नुसत्या चहावर भागणार नाही.”

चिमणीच्या हातातला चमचा ताटलीत पडला.

दादाच्या शेजारची खुर्ची रिकामी व्हायची ती कधीपासून वाट बघत होती. दादा-वहिनींच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्यांच्या मुलानं हे जेवण ठेवलं होतं. हॉल नातेवाइकांनी आणि दादाच्या फर्निचर कारखान्यातल्या माणसांनी गच्च भरला होता. भिंतीवरचा स्पीकर खणखणत होता, पोरं टेबलांखालून पळत होती, प्लेटा आपटत होत्या. सून वहिनींना फोटोसाठी ओढून घेऊन गेली, तशी चिमणी पटकन त्या खुर्चीवर जाऊन बसली. दादाच्या कानाशी वाकली आणि दोन दिवस कोणालाच न सांगितलेलं तिनं एका दमात सांगून टाकलं.

“दादा, रिपोर्ट आला. गाठ कॅन्सरचीच निघाली. सोमवारी ऑपरेशन आहे. तू येशील ना?”

आणि दादा हसला होता. पार्टी मागत होता.

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या हसण्यात कुठे कुजकेपणा नव्हता. तेच तिचं लाडकं, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पाडणारं हसू. आई गेल्यावर रोज सकाळी तिची वेणी घालून शाळेत सोडणारा, ‘चिमणी’ हे नाव ठेवणारा हाच तो माणूस. हे दुसऱ्यांदा उच्चारायचं बळ तिच्यात नव्हतं.

ती उठली आणि कोणाकडेही न बघता हात धुवायच्या जागी गेली. नळ सोडून नुसती उभी राहिली.

भाऊ तिथंच होता. दादाच्या पाठचा, तिच्या आधीचा. विमा कंपनीतली नोकरी नुकतीच संपवून घरी बसलेला, आणि त्यामुळे सगळ्यांच्या घरात लक्ष घालायला मोकळा. “चिमणे, तोंड का असं?” त्यानं विचारलं, आणि मग तिला धड सांगताही येईना आणि थांबताही येईना.

“दादा काय म्हणाला?” भाऊनं पुन्हा विचारलं. त्याचा विश्वास बसत नव्हता.

“पार्टी दे म्हणाला.”

भाऊच्या कपाळाची शीर उडायला लागली. गेली काही वर्षं तो म्हणतच होता, दादा बदललाय. चार माणसांत बोलायला गेलं तर तिसरीकडेच बघतो, विचारलं एक की उत्तर देतो भलतंच. मोठा कारखानदार झाला, आता भावंडांचं ऐकायला कशाला हवं? चिमणी दर वेळी दादाची बाजू घ्यायची. आज ती काहीच बोलली नाही.

तो तरातरा हॉलमध्ये गेला. दादा स्पीकरच्या खाली उभा राहून कोणाला तरी निरोप देत होता.

“तू तिला पार्टी मागितलीस?” भाऊ ओरडला.

“मागितली की!” दादा तितक्याच जोरात म्हणाला आणि पुन्हा हसला. “का नाही मागायची? तूही माग!”

भाऊनं त्याच्या नव्या सदऱ्याची कॉलर धरली. कोणाची तरी किंकाळी निघाली. दादाच्या मुलानं धावत जाऊन गाणं बंद केलं, आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकदम चिडीचूप झालं.

“माणूस आहेस की दगड?” भाऊचा आवाज कापत होता. “आपल्या बहिणीला...”

“भाऊ!” दारातून चिमणी म्हणाली. “सोड त्याला. इथं नको काही बोलूस. मला घरी सोड.”

दोघं निघून गेले. दादाची एक गुंडी जमिनीवर पडली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं वळून जमलेल्या सगळ्यांना विचारलं, “झालं काय याला?”

*

सून चिमणीआत्याच्या मागे रस्त्यापर्यंत धावली होती. परत आली ती पांढरीफटक होऊन, आणि तिनं गेटपाशी वहिनींना काय ते सांगितलं. वहिनींनी भिंतीचा आधार घेतला. मग म्हणाल्या, “त्यांना मी सांगते. गाडीत सांगते. कोणी येऊ नका.”

गाडीच्या काचा त्यांनी वरपर्यंत बंद केल्या. बाहेर पाहुण्यांची निघायची गडबड चालली होती, ती आत येईनाशी झाली.

“अहो, चिमणी तुम्हाला काय म्हणाली?”

“दुकानाचं. नवीन गाळा मिळाला ना तिला, शिवणकामाचं दुकान हलवायचं म्हणत होती महिनाभर. सोमवारी उद्घाटन आहे, येशील ना म्हणाली. मी म्हटलं, येणारच. यात माझं काय चुकलं?”

“दुकान म्हणाली ती? हा शब्द ऐकलात तुम्ही?”

दादा थांबला. “सोमवारी ऐकलं. येशील ना ऐकलं.”

“आणि मधलं?”

त्यानं कपाळ चोळलं.

“तिला कॅन्सर झालाय,” वहिनी म्हणाल्या. हळू बोलायची गरज नव्हती, तरी त्यांचा आवाज बसला. “छातीत गाठ आहे. सोमवारी ऑपरेशन. तुम्ही याल का म्हणून विचारत होती ती. सगळ्यांच्या आधी तुम्हाला सांगितलं तिनं.”

वहिनींनी चाळीस वर्षांत नवऱ्याचे सगळे चेहरे पाहिले होते. कारखान्याला आग लागली तेव्हाचासुद्धा. हा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि एकेक रेघ पुसली जावी तसं चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलं.

“मी हसलो,” तो म्हणाला.

“हो.”

“मी थाप मारली तिला. पाठीवर.” त्यानं आपला उजवा तळहात उलटा करून पाहिला. “अगं, मी पार्टी मागितली.”

तो रडेल असं वहिनींना वाटलं, पण तो त्या तळहाताकडेच बघत बसला. मग त्यांनाच रडू फुटलं, कारण त्यांना ठाऊक होतं. नीट शब्दांत नव्हतं, पण ठाऊक होतं. कुठेही गेलं की त्या ह्यांच्या उजव्या हाताला बसायच्या आणि समोरच्याचं बोलणं झालं की “अहो, ते विचारताहेत...” असं म्हणून पुन्हा सांगायच्या. लोक चेष्टा करायचे, वहिनी दादांना बोलूच देत नाहीत म्हणून. त्याही हसण्यावारी न्यायच्या.

“मी उठायलाच नको होतं,” त्या म्हणाल्या. “फोटो कसले मेले.”

“घरी तर मला सगळं ऐकू येतं,” दादा म्हणाला. “आता तू बोलतेयस, शब्दन् शब्द ऐकू येतोय. स्वयंपाकघरातला नळ गळला तरी मी उठून बंद करतो.”

“म्हणून तर कोणी मनावर घेतलं नाही. मुलगा म्हणाला, बाबांचे कान तिखट आहेत, लक्ष नसतं. मीही तेच धरून चालले.”

“मलाही तसंच वाटायचं. वय झालं, डोकं चालत नाही. चार माणसं एकदम बोलायला लागली की नुसता गलका. त्यातला एखादा शब्द हाताला लागतो. बाकीचं मी आपलं...” त्यानं हातानं हवेत काहीतरी ओढून आणल्यासारखं केलं. “भरून काढतो.”

*

सकाळी दादा चिमणीच्या दुकानापाशी पोचला तेव्हा शटर अर्ध्यावर होतं आणि समोर खुर्ची टाकून भाऊ बसला होता.

“ती भेटणार नाही म्हणाली.”

“तिला सांग, मला ऐकू आलं नव्हतं.”

“छान.” भाऊ खुर्चीतून हलला नाही. “रात्रभर विचार करून हे सापडलं का? फोनवर तास तास गप्पा मारतोस, तेव्हा बरं ऐकू येतं. सोयीचं बहिरेपण म्हणतात याला.”

आपण भाऊच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, हे दादाला कळत होतं.

“येऊ दे त्याला आत,” शटरच्या आतून चिमणी म्हणाली.

दुकान लहान होतं. दोन शिलाई मशिनं, एक कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉकचं, भिंतीला टांगलेले अर्धवट ब्लाउज, कापायच्या टेबलावर खडूच्या रेघा. चिमणी टेबलापलीकडे उभी होती. डोळे सुजले होते, पण कापड कापायची कात्री हातात होती. कामाला लागल्याशिवाय तिला कधी सुचतच नसे.

“चिमणे,” दादा म्हणाला आणि टेबलाच्या अलीकडेच थांबला.

“आधी मला एक सांग,” ती म्हणाली. “चार वर्षांपूर्वी हे दवाखान्यात होते. शेवटची रात्र. वॉर्डात केवढी गर्दी, शेजारच्या पलंगाचे नातेवाईक भांडत होते. मी तुला म्हटलं, दादा, आज जाऊ नकोस, थांब माझ्याजवळ. आठवतं?”

“नाही,” दादा म्हणाला. “तू असं म्हणालीस?”

“म्हणाले. तू मान हलवलीस. हसलास, माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि निघून गेलास. पहाटे हे गेले. मी एकटी होते.”

भाऊ दारातच उभा राहिला. हे त्यालाही माहीत नव्हतं.

“कधी बोलली का नाहीस?” दादानं विचारलं.

“काय बोलायचं? वाटलं, दमला असशील. पुरुष माणूस, घाबरला असशील. तुझी बाजू मीच तुझ्या वतीनं मांडत बसले चार वर्षं. काल मात्र मला काही मांडता येईना.”

दादा टेबलाला धरून उभा होता. “मान मी सगळ्यांनाच हलवतो, चिमणे,” तो म्हणाला. “गर्दीत कोणी काही बोललं की हलवतो. दोनदा विचारलं तर लोक कंटाळतात, तिसऱ्यांदा विचारलं तर चिडतात. म्हणून हसायचं आणि मान हलवायची. बहुतेक वेळा खपून जातं.”

“हे सगळं तोंडानं सांगायला सोपं आहे,” भाऊ म्हणाला.

चिमणीनं दादाकडे क्षणभर रोखून पाहिलं. मग तिनं कात्री खाली ठेवली, ओव्हरलॉकच्या मशिनवर बसली आणि त्याच्याकडे पाठ करून पायानं पेडल दाबलं. मशिन खडखडायला लागलं. शेजारचं मशिन तिनं भाऊला चालू करायला लावलं. आणि त्या आवाजात, मान खाली घालून, ती काहीतरी बोलली.

दादाला तिची पाठ हललेली दिसली. आवाज आला, म्हणजे आवाज आहे एवढं कळलं. त्याच्या ओठांचे कोपरे आपोआप वर जायला लागले. ते त्याला स्वतःला जाणवलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्यानं हातानं तोंड दाबून धरलं.

“नाही ऐकू आलं,” तो म्हणाला. “चिमणे, मला ऐकू आलं नाही. काय म्हणालीस?”

मशिनं थांबली. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला मशिनच्या खडखडाटातही सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं, आणि त्याचे खांदे हलत होते.

चिमणी वळली. “भीती वाटते म्हणाले. मला फार भीती वाटते, दादा.”

“मलाही,” दादा म्हणाला.

ती टेबलाला वळसा घालून आली आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून मोकळेपणी रडली. बऱ्याच वेळानं नाक पुसत म्हणाली, “सोमवारी मी ऑपरेशनला जाते. त्याआधी तू कान तपासून घ्यायचे. मी बरोबर येणार. तुझ्या एकट्याच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही. तू तिथंही मान हलवून परत येशील.”

*

सुनेनं लगेच वेळ ठरवली. काचेची खिडकी असलेली बंद खोली, आत दादा, डोक्यावर हेडफोन. बाहेर कान तपासणाऱ्या बाई आणि त्यांच्या शेजारी चिमणी. बाईंनी तिलाही एक हेडफोन दिला होता.

सुरुवातीला नुसते सूर होते. ऐकू आला की दादा बटण दाबायचा, आणि तो बरेचसे दाबत होता. बारीक शिट्टीसारखे सूर आले तेव्हा मात्र त्याचा अंगठा हलेना. मग शांततेतले शब्द. तेही त्यानं जवळजवळ सगळे बरोबर सांगितले. चिमणीच्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे भाऊचंच खरं?

“आता गर्दीत,” बाई म्हणाल्या.

हेडफोनमध्ये गलका सुरू झाला. पुष्कळ माणसं एकदम बोलत असल्यासारखा, काल हॉलमध्ये होता तसाच. त्यातून एका बाईचा आवाज वाक्य बोलायचा. चिमणीला प्रत्येक वाक्य सहज कळत होतं.

‘पाहुणे सकाळच्या गाडीनं गेले.’

“पाहुणे दुपारच्या गाडीनं आले,” दादा आतून म्हणाला. अगदी खात्रीनं.

‘मामांनी जुनी सायकल विकली.’

“मामांनी जुनी शाल शिवली.”

चिमणीला हसू आलं, आणि ते आलं तसंच विरलं. काचेतून तिला दादाचा चेहरा दिसत होता. तो हसत होता. तेच हसू, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पाडणारं. समोर हसून दाखवायला कोणीही नव्हतं, खोलीची नुसती भिंत होती, तरी तो मान किंचित पुढे काढून त्या भिंतीकडे बघून हसत होता.

‘शेजारची मुलगी रडत होती.’

“शेजारची मुलगी हसत होती,” दादा म्हणाला.

चिमणीनं हेडफोन काढून टाकला. घरातले सगळे फोटो तिच्या डोळ्यांसमोरून सरकत गेले. लग्नातले, बारशातले, कारखान्याच्या वाढदिवसाचे. प्रत्येकात घोळक्याच्या मधोमध दादा, आणि प्रत्येकात हे हसू. तिला वाटायचं, किती सुखी माणूस आहे हा. तो तिथं नव्हताच. सगळ्यांच्या मधे बसून, काय चाललंय याचा पत्ता नसताना, तो एकटा नुसता हसत होता. किती वर्षं?

“बरीच असतील,” बाई म्हणाल्या. तिनं हे मोठ्यानं विचारलं होतं. “करवतीच्या, रंध्याच्या मशिनवर कानाला काही न लावता उभे राहिलेत ना? बारीक, टोकदार आवाज आधी जातात. स, श, क, त. बोलणं ऐकू येतं, पण शब्द उलगडत नाही. शांत खोलीत माणूस निभावून नेतो. गलक्यात उरलेलं मेंदू अंदाजानं भरतो.”

दादा बाहेर आला होता. तो खुर्चीत बसला आणि बाई त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलू लागल्या. गेलेलं परत येणार नाही. कानातलं यंत्र लावलं तर मदत होईल, पण जादू होणार नाही. गर्दीत माणसांना समोर बसवायचं, एकेकाला बोलू द्यायचं. आणि मशिनवर जाताना कान झाकायचे, कारखान्यातल्या सगळ्यांनी.

“आम्ही आधी केव्हा यायला हवं होतं?” चिमणीनं विचारलं.

“गर्दीत पुन्हा पुन्हा ‘काय?’ म्हणावं लागलं तेव्हाच. किंवा ‘काय?’ म्हणायचं सोडून नुसतं हो-हो सुरू झालं तेव्हा. घरचे ‘लक्ष नसतं’ म्हणायला लागले की तीही खूणच. टीव्ही नीट ऐकू येतो म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात. आणि कधी एखादा कान अचानक बंद पडला, तर त्याच दिवशी यायचं, तिथं एक दिवसही दवडायचा नाही.”

दादानं मान हलवली. मग गडबडीनं म्हणाला, “ऐकू आलं. हे खरंच ऐकू आलं.”

चिमणी हसली. रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा, मनापासून.

*

सोमवारी दुपारी ऑपरेशनच्या खोलीबाहेरचा बोळ माणसांनी तुंबला होता. नंबर पुकारणारा स्पीकर, भिंतीवरचा टीव्ही, लोखंडी ढकलगाड्या, कोणाचं तरी तान्हं मूल. वहिनी आणि सून पाणी आणायला गेल्या होत्या. भाऊ आणि दादा बाकावर बसले होते, मधे एका माणसाची जागा सोडून.

चिमणीनं आत जाण्याआधी भाऊला बजावलं होतं, “त्याच्याशी नीट वाग. मी काचेतून पाहिलंय ते तू पाहिलेलं नाहीस.” भाऊला कळलं होतं आणि पचलं नव्हतं. इतकी वर्षं जपलेला राग एका तपासणीनं काढून घेतला, तर त्या जागी ठेवायचं काय?

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आल्या. तोंडावर मास्क होता, आणि त्या घाईत होत्या.

“तुम्हीच ना त्यांचे भाऊ?” त्या चालता चालताच बोलू लागल्या. “गाठ काढली आहे. काखेतल्या ग्रंथीही तपासल्या, आत्ताच्या तपासणीत पसरलेलं...”

नेमकी तेव्हाच ढकलगाडी खडखडत मधून गेली.

“...पुढचं मग बघू,” डॉक्टर म्हणाल्या.

पसरलेलं. भाऊनं तो शब्द स्वच्छ ऐकला होता. पुढे काय? पसरलेलं आहे? दिसतंय? विचारायला हवं होतं. पण विचारलं आणि त्या ‘आहे’ म्हणाल्या तर? तो नुसता उभा राहिला, आणि आपली मान समजल्यासारखी हलतेय हे त्याला कळलं. डॉक्टर वळल्या.

“थांबा,” दादा म्हणाला.

तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की बोळातली माणसं वळून बघू लागली. दादाचा चेहरा लाल झाला होता. चार माणसांत कधी दुसऱ्यांदा न विचारलेला माणूस हात उंच करून उभा होता.

“डॉक्टर, मला गर्दीत ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून परत सांगा. तोंडावरचं जरा खाली करा. एक अक्षर सोडू नका, माझी बहीण आहे ती.”

डॉक्टर परत आल्या. मास्क हनुवटीखाली ओढला. कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

“गाठ पूर्ण काढली आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “काखेतल्या ग्रंथींमध्ये आत्ता तरी पसरलेलं दिसत नाही. पक्का रिपोर्ट काही दिवसांनी येईल. पुढचे उपचार घ्यावे लागतील. पण त्या आता ठीक आहेत.”

“दिसत नाही?” दादानं विचारलं. “नाही म्हणालात?”

“नाही.”

त्या गेल्या. दादा बाकावर बसला, एकदम, पोतं टाकल्यासारखा. बोळात पुन्हा गलका सुरू झाला. त्यानं भाऊची बाही धरली.

“तू ऐकलंस ना? तुझे कान चांगले आहेत. नाहीच म्हणाल्या ना त्या?”

भाऊच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो दादाच्या समोर उकिडवा बसला, आपलं तोंड नीट दिसेल असा.

“नाही म्हणाल्या, दादा. पसरलेलं दिसत नाही.”

“परत सांग,” दादा म्हणाला.

भाऊनं परत सांगितलं.